गाडीने परत दिलेली वीज उपकेंद्राच्या मीटरवर का दिसत नाही?

मीटरवही | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. गेली काही वर्षे मी एका उपनगरी रेल्वेच्या कर्षण विजेचा (गाड्या ओढण्याच्या विजेचा) हिशेब ठेवतो आहे. पद्धत १५०० व्होल्ट डीसीची आहे आणि जुन्या गाड्यांच्या जागी ब्रेक लावताना वीज परत देणाऱ्या नव्या गाड्या टप्प्याटप्प्याने आल्या आहेत. या गाड्यांच्या केबिनमधल्या पडद्यावर प्रत्येक फेरीअखेर दोन आकडे येतात: घेतलेली युनिटे आणि परत दिलेली युनिटे. दुसरा आकडा पाहून कोणालाही समाधान वाटावे, इतका तो मोठा असतो.

अडचण अशी आहे, की उपकेंद्रांच्या मीटरवर महिन्याअखेर जी घट दिसते, ती पडद्यांवरच्या आकड्यांच्या बेरजेच्या निम्मीही भरत नाही. फेऱ्यांची संख्या, प्रवाशांचा भार आणि हवामान यांतला फरक मी शक्य तितका वजा करून पाहिला, तरी तफावत राहतेच. ही वीज गाडीतून निघते आणि उपकेंद्रापर्यंत तिचा परिणाम पोहोचत नाही, तर मधल्या वाटेत ती जाते कुठे? ज्यांनी तारेवर, गाडीत किंवा उपकेंद्रात काम केले आहे, त्यांनी कृपया आपापला अनुभव लिहावा. पुस्तकी उत्तर मला ठाऊक आहे. मला प्रत्यक्षातले हवे आहे.

रोहित्र | सोमवार, रात्री १०:०२

पहिला संशय रेक्टिफायरवर (ग्रिडची एसी वीज डीसी करणाऱ्या यंत्रावर) घ्यावा. तुमची उपकेंद्रे डायोडची असतील, तर वीज ग्रिडकडून तारेकडे जाते, उलट जात नाही. म्हणजे ब्रेक लावणाऱ्या गाडीने दिलेली वीज त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीने उचलली पाहिजे. उचलणारी गाडी नसेल तर तारेवरचा व्होल्टेज चढत जातो आणि १५०० व्होल्टच्या पद्धतीत १८०० ही सततची कमाल मर्यादा मानली जाते. तिथे पोहोचले, की गाडी वीज परत देणे आवरते आणि उरलेली शक्ती छतावरच्या किंवा तळाखालच्या रोधकांत (विजेची उष्णता करणाऱ्या पट्ट्यांत) जाळते.

आता यातली बारकाईची गोष्ट सांगतो. समजा, उपकेंद्राचा विनाभार व्होल्टेज, म्हणजे कोणतीही गाडी वीज घेत नसतानाचा व्होल्टेज, १६५० आहे. म्हणजे परत येणाऱ्या विजेला वर सरकायला फक्त दीडशे व्होल्टची जागा उरली. २ मेगावॅट परत देणारी गाडी १८०० व्होल्टला सुमारे ११०० अँपिअर ढकलते. तार आणि रूळ मिळून किलोमीटरला ०.०५ ओहम रोध धरला, तर ते दीडशे व्होल्ट पावणेतीन किलोमीटरांत संपतात. त्यापलीकडे वेग घेणारी गाडी असली तरी ती तिच्या जवळच्या उपकेंद्रातूनच वीज घेणार, आणि इकडे रोधक तापत राहणार. विनाभार व्होल्टेज किती ठेवला आहे, हे आधी पाहा.

शिकाऊ | सोमवार, रात्री १०:२०

मग तो व्होल्टेज खाली आणला, म्हणजे उपकेंद्रातल्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, ही व्होल्टेज ठरवणारी पायरी, बदलली, तर प्रश्न सुटत नाही का?

रोहित्र | सोमवार, रात्री १०:४१

@शिकाऊ, काही अंशी सुटतो आणि दुसरीकडून वाढतो. व्होल्टेज खाली आणला की त्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो, आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ३ मेगावॅट घेणारी गाडी १५०० व्होल्टवर २००० अँपिअर ओढते. २५ किलोव्होल्टच्या एसी पद्धतीत हाच प्रवाह १२० अँपिअर असतो, म्हणजे सारख्याच रोधात हानी सुमारे २७८ पट कमी. डीसीमध्ये आपण आधीच महागड्या बाजूला उभे आहोत. गर्दीच्या वेळी, गाड्या एकमेकींजवळ असताना, चढा व्होल्टेज चांगला, कारण परतीची वीज उचलायला शेजारीच कोणीतरी असते. पहाटे आणि रात्री, गाड्या विरळ असताना, उतरता चांगला. दिवसभर एकच टॅप ठेवणे ही सोय आहे, कार्यक्षमता नव्हे. थायरिस्टर किंवा आयजीबीटीची (हुकमाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांची) नियंत्रित उपकेंद्रे असतील, तर हे आपोआप करता येते.

जुना मोटरमन | मंगळवार, सकाळी ६:३५

मी तीस वर्षांहून अधिक काळ गाडी चालवली आहे. मला सर्किट शिकवता येणार नाही, पण एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. मीटरवही यांनी पडद्यावरच्या ज्या मोठ्या आकड्याचे कौतुक केले आहे, तो मोठा असणे ही मुळात चांगली बातमी नाही.

आमच्याकडे नव्या गाड्या आल्यानंतर कोणाच्या तरी मनात आले, की सर्वांत जास्त वीज परत देणाऱ्या चालकांची यादी दर महिन्याला फलकावर लावावी. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला, की जे चालक पूर्वी स्टेशन दिसण्याच्या बरेच आधी मोटरची ताकद ठरवणारे हँडल शून्यावर आणत आणि गाडीला तिच्या वेगावर वाहू देत, ते शेवटपर्यंत मोटर चालू ठेवू लागले आणि मग ब्रेक लावू लागले. परतीचा आकडा अर्थातच वाढला. उताराच्या आधी हँडल सोडण्याची जी शिकवण आम्हाला जुन्या लोकांनी दिली होती, ती दोन-तीन वर्षांत नव्या मुलांच्या हातातून गेली. यादीत माझे नाव कायम तळाशी असे, आणि माझी गाडी कधी उशिरा गेली नाही.

अचूकमाप | मंगळवार, सकाळी ९:१५

@जुना मोटरमन, तुमचे म्हणणे आकड्यांत मांडून पाहतो, कारण ते फार मोलाचे आहे.

३०० टनांची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २०.६ युनिटे भरते. मोटरपासून चाकापर्यंत आणि चाकापासून पुन्हा तारेपर्यंत प्रत्येक दिशेची कार्यक्षमता ८५ टक्के धरू. म्हणजे तारेतून घेतलेली १०० युनिटे वेगात साठवून पुन्हा तारेत टाकली, तर ७२ परत येतात. ही सर्वांत चांगली स्थिती. अजून तारेतली हानी धरलेली नाही.

आता दोन चालक घ्या. पहिला शेवटचे दीड किलोमीटर ८०चा वेग टिकवून ठेवतो आणि मग ब्रेक लावतो. दुसरा तिथेच हँडल सोडतो, गाडी वाहत वाहत ७२वर येते आणि मग ब्रेक लागतो. सपाट मार्गावर साधारण ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी मंदता धरली, तर दुसऱ्याला अंदाजे ४ सेकंद जास्त लागतात. पहिल्याने त्या टप्प्यात तारेतून सुमारे ४.६ युनिटे घेतली आणि ब्रेक लावताना दुसऱ्यापेक्षा सुमारे ३.३ युनिटे जास्त परत दिली. पडद्यावर पहिला चालक ३.३ युनिटांनी पुढे दिसतो. प्रत्यक्षात त्याने १.३ युनिटे जास्त खर्च केली, तीही परतीची सगळी वीज कोणीतरी उचलली असे धरून. उचलणारे कोणी नसेल, तर त्याचा तोटा पूर्ण ४.६ युनिटांचा आहे. आणि हे एका स्टेशनाचे झाले.

म्हणून परत दिलेल्या युनिटांची टक्केवारी हा कार्यक्षमतेचा निकष कधीच होऊ नये. किलोमीटरमागे किंवा टन-किलोमीटरमागे उपकेंद्रातून किती वीज निघाली, हाच आकडा विचारावा.

वेळापत्रककार | मंगळवार, सकाळी ११:४८

चार सेकंदांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ते चार सेकंद चालकाकडे नसतात, ते वेळापत्रकाने त्याला द्यावे लागतात. धावण्याच्या वेळेत आपण थोडी सैल वेळ ठेवतो ती विलंब भरून काढण्यासाठी. ती सगळी शेवटच्या स्थानकाच्या आधी एका जागी रचून ठेवली, तर मधल्या प्रत्येक टप्प्यात चालकाला पूर्ण ताकदीने धावावे लागते आणि शेवटी गाडी सिग्नलबाहेर उभी राहते. तीच वेळ टप्प्याटप्प्यांत वाटली, तर प्रत्येक ठिकाणी हँडल सोडायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट रोहित्र यांच्या पोस्टशी जोडलेली आहे. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्या एकाच स्थानकात थोड्याफार एकाच वेळी पोहोचत असतील, तर एकीच्या ब्रेकची वीज दुसरीच्या सुटण्याला मिळण्यासाठी थांब्याची वेळ आणि येण्याची वेळ यांची सांगड घालावी लागते. कागदावर हे सुंदर बसते. पण गाडीचा जोराचा वेग घेण्याचा काळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो, आणि दारे बंद व्हायला वीस सेकंद जास्त लागले की सांगड मोडते. माणसांच्या गर्दीने चालणाऱ्या मार्गावर मी तिच्यावर फार विसंबणार नाही. स्वयंचलित मेट्रोत, जिथे थांबा सेकंदांत पाळला जातो, तिथे ती नक्की उपयोगी आहे.

घाटउतार | मंगळवार, दुपारी १:३०

मी मालगाड्यांच्या बाजूचा आहे, म्हणून जरा वेगळे सांगतो. उपनगरी गाडीत बरीचशी चाके मोटरची असतात, त्यामुळे ब्रेकचे बहुतेक काम विजेने होऊ शकते. मालगाडीत वीज परत देणारी चाके फक्त इंजिनाची. मागचे सगळे वॅगन हवेच्या ब्रेकने थांबतात आणि ती ऊर्जा ब्रेकच्या गुटक्यांत जाऊन संपते. इंजिनाने एकट्याने जोराने धरले, तर मागचा सगळा भार दाबाने पुढे येतो आणि कपलिंगवर, वळणावर तर रुळांवरही ताण येतो, म्हणून त्यालाही मर्यादा असते.

यातून माझा निष्कर्ष असा आहे, की मालगाडीत सर्वांत मोठी बचत तिला विनाकारण न थांबवण्यात आहे. ३००० टनांची गाडी ताशी ७२ किलोमीटरने येत असताना तिच्यापुढे सिग्नल लाल झाला, तर तिच्याजवळची सुमारे १६७ युनिटांची गतिज ऊर्जा जाते आणि सिग्नल हिरवा झाल्यावर तेवढी पुन्हा भरावी लागते. पुढे सिग्नल लाल मिळणार आहे हे चालकाला पाच-सात किलोमीटर आधी कळले आणि त्याने वेग ५०वर आणला, तर गाडी पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि तिला थांबावे लागत नाही. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने चालकांना असाच वेगाचा सल्ला नियंत्रण केंद्रातून पाठवण्याची पद्धत बसवली आहे. कुठल्याही नव्या रोहित्रापेक्षा ही बचत स्वस्तात मिळते.

जिथे उतार लांब आहे तिथे मात्र परतीची वीज खरोखर राज्य करते. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणींतून नॉर्वेतल्या नार्विक बंदराकडे जाणाऱ्या लोहखनिजाच्या गाड्या भरलेल्या उतरतात आणि रिकाम्या चढतात. सीमेवरच्या रिक्सग्रॅन्सेनपासून खाली येताना त्या जी वीज तयार करतात, ती रिकामी गाडी पुन्हा सीमेपर्यंत चढवायला पुरते.

तारेखालचा | मंगळवार, दुपारी ३:०५

घाटउतार यांनी उताराचा विषय काढला म्हणून एक जुनी गोष्ट. वीज परत देण्याची कल्पना आयजीबीटीच्या काळातली नाही. हंगेरीचे अभियंते कालमान कांडो यांनी इटलीच्या वाल्तेल्लिना मार्गावर १९०२ साली ३००० व्होल्टची तीन फेजची पद्धत सुरू केली. तिच्यात उतारावर गाडीचा वेग मोटरच्या समकालिक वेगाच्या (तारेतल्या विजेच्या वारंवारितेने ठरणाऱ्या वेगाच्या) वर गेला, की मोटर आपोआप जनित्र बनून वीज तारेत ढकलत असे. चालकाला वेगळे काही करावे लागत नसे. अडचणी दुसऱ्या होत्या: डोक्यावर दोन तारा, आणि ठरावीक वेगांशिवाय दुसरा वेग नाही.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे, की एवढी चर्चा डीसीच्या मर्यादांभोवती फिरते आहे, तर मूळ उपाय एसी हाच आहे. २५ किलोव्होल्टला उपकेंद्रात फक्त रोहित्र असते, डायोड नसतो. वीज सरळ उलटी ग्रिडमध्ये जाते.

रोहित्र | मंगळवार, सायंकाळी ५:२०

@तारेखालचा, ग्रिडमध्ये जाते हे खरे, पण तिथे तिचे काय होते तेही पाहिले पाहिजे. २५ किलोव्होल्टची शेजारची उपकेंद्रे ग्रिडच्या वेगवेगळ्या फेजवर जोडलेली असतात आणि त्यांच्यामध्ये तारेवर तटस्थ तुकडा, म्हणजे वीज नसलेला तुकडा, असतो. एका भागातली ब्रेकची वीज तटस्थ तुकडा ओलांडून पलीकडच्या गाडीला मिळत नाही. ती ग्रिडमध्ये जाते, आणि त्याच वेळी पलीकडचे उपकेंद्र ग्रिडमधून तेवढीच वीज नव्याने विकत घेते. परत दिलेल्या युनिटांना करारात किंमत नसेल, तर हिशेबात ती वीज फुकट गेली. निसर्गाच्या दृष्टीने ती वाया गेली नाही हे मी मान्य करतो. कोणाचा तरी दिवा तिने लागतोच.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांची १५ किलोव्होल्टची पद्धत या एका बाबतीत भाग्यवान आहे. १६.७ हर्ट्झचे त्यांचे स्वतःचे उच्चदाबाचे जाळे एकमेकांशी जोडलेले आहे, सर्वत्र एकच फेज आहे, म्हणून कुठल्या तरी घाटात उतरणाऱ्या गाडीची वीज उचलायला एवढ्या मोठ्या प्रदेशात कोणीतरी नेहमी असतेच. त्याची किंमत ते दुसरीकडे मोजतात: कमी वारंवारितेचे रोहित्र जड असते आणि ते वजन गाडीला जन्मभर वाहावे लागते.

एसीमध्ये हानी कमी करायची तर २×२५ किलोव्होल्टची ऑटोट्रान्सफॉर्मर पद्धत चांगली. १९८१ साली सुरू झालेल्या पॅरिस-लियाँ द्रुतगती मार्गावर ती वापरली आहे. तार आणि फीडर (सोबतची पुरवठ्याची वाहिनी) यांच्यामध्ये ५० किलोव्होल्ट मिळतात, वीज लांबपर्यंत निम्म्या प्रवाहाने जाते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. पण जे जाळे १५०० व्होल्टवर उभे आहे, जिथे बोगदे आणि पूल आधीच बांधून झाले आहेत, तिथे ‘एसी करा’ हे उत्तर मीटरवही यांच्या कामाचे नाही.

साठवण | मंगळवार, रात्री ८:१२

डीसीवाल्यांसाठी दोन मार्ग उरतात. एक, उपकेंद्रात डायोडच्या जोडीला इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारे यंत्र) बसवून वीज ग्रिडमध्ये किंवा स्थानकांच्या जिन्यांना आणि पंख्यांना देणे. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१५ साली व्हिक्टोरिया मार्गावर पाच आठवडे असा इन्व्हर्टर चालवून पाहिला, तेव्हा दिवसाला सुमारे १ मेगावॅट-तास वीज परत मिळाली. त्यांच्या हिशेबाने हॉलबर्नसारखे मोठे स्थानक आठवड्यात दोन दिवसांहून अधिक चालवायला ती पुरेशी होती. बोगद्यात रोधक कमी तापतात, म्हणून हवा थंड ठेवण्याचा खर्चही वाचतो. तो हिशेबात धरायला लोक विसरतात.

दुसरा मार्ग साठवणुकीचा. लॉस एंजेलिसच्या मेट्रोने फिरत्या जड चक्रांत ऊर्जा साठवली, फिलाडेल्फियाच्या सेप्टा या वाहतूक संस्थेने उपकेंद्राशेजारी बॅटरी ठेवली, आणि मानहाइमच्या एका ट्रामवर २००३पासून छतावरच्या महाधारित्रांची (सुपरकॅपॅसिटरची) चाचणी झाली. गाडीवरच साठवले तर तारेतली हानीच टळते, पण वजन आणि जागा लागते. मार्गाकडेला ठेवले तर एक साठा अनेक गाड्यांच्या कामी येतो.

माझा अनुभव सांगायचा तर साठवणुकीची जागा चुकली, की सगळा खर्च वाया जातो. आम्ही एका ठिकाणी उपकेंद्रातच साठा बसवला, कारण तिथे जागा रिकामी होती. ब्रेक जिथे लागत होते ते स्थानक तिथून साडेतीन किलोमीटरवर होते. रोहित्र यांनी पहिल्याच उत्तरात मांडलेले ते दीडशे व्होल्ट वाटेतच संपत होते. साठा बहुतेक वेळ अर्धा रिकामा असे आणि स्थानकातल्या गाड्यांचे रोधक तापत असत.

कारशेड रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:२०

सर्वजण धावणाऱ्या गाड्यांबद्दल बोलत आहेत. मी उभ्या गाड्यांबद्दल लिहितो, कारण त्या आत्ता माझ्यासमोर आहेत. रात्रीची शेवटची फेरी संपली, की गाड्या यार्डात येतात आणि पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारे छतावरचे सांगाडे) वरच राहतात. डब्यांत कोणी नाही, पण दिवे चालू, वातानुकूलन चालू, कॉम्प्रेसर मधूनमधून सुरू होतो आणि मोटर थंड करणारे पंखे कमी गतीने फिरत राहतात. पँटोग्राफ उतरवला तर पहाटे यंत्रणा पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो आणि एखादा बिघाड निघाला तर पहिली गाडी रखडते, म्हणून कोणी उतरवत नाही. त्या भीतीत तथ्य आहे, हेही मी मान्य करतो.

साधा हिशेब करा. समजा, एका गाडीचा उभ्याने घेण्याचा भार ४० किलोवॅट आहे. वीस गाड्या, पाच तास. एका रात्रीत ४००० युनिटे गेली, आणि एकही प्रवासी एक मीटर पुढे गेला नाही. नव्या गाड्यांत वातानुकूलन आहे, जुन्यांत नव्हते. मीटरवही, तुम्ही जुन्या आणि नव्या महिन्यांची तुलना करताना हा भार वेगळा काढला आहे का?

आम्ही गेल्या हिवाळ्यापासून एका ओळीतल्या गाड्यांना झोपेची अवस्था देऊन पाहतो आहोत: नियंत्रण यंत्रणा आणि बॅटरी चार्जर चालू, बाकी सर्व बंद, आणि पहिल्या फेरीच्या पाऊण तास आधी गाडी स्वतःच जागी होते. पहिल्या आठवड्यात दोनदा दारांच्या यंत्रणेने चूक दाखवली. ती जागे होण्याच्या क्रमातली चूक निघाली. दुरुस्तीनंतर ती पुन्हा दिसलेली नाही.

रोहित्र | बुधवार, सकाळी ९:३३

@कारशेड रात्रपाळी यांची पोस्ट वाचून उपकेंद्रातलीही तशीच गोष्ट आठवली. रोहित्राच्या गाभ्यातली हानी भार असो वा नसो, चोवीस तास चालू असते. ५ किलोवॅट धरले तरी वर्षाला ४३,८०० युनिटे होतात, आणि अनेक उपकेंद्रांत दोन-दोन रोहित्रे रात्रंदिवस जोडलेली असतात. जास्त भारावर दोन्ही जोडलेली असणे योग्यच, कारण भार वाटला गेला की तांब्यातली एकूण हानी निम्मी होते. मध्यरात्री दुसरे सोडवून ठेवले तर बचत होते. मात्र स्विच रोज दोनदा चालवण्याने त्याचे आयुष्य कमी होते, म्हणून हा निर्णय यंत्रसामग्री पाहून घ्यावा.

प्रवासीमात्र | बुधवार, सकाळी १०:५०

मी तंत्रज्ञ नाही, रोज प्रवास करतो. एक शंका आहे. डब्यातले वातानुकूलन एवढे कडक असते, की लोक शाल पांघरून बसतात. ते एक-दोन अंशांनी सौम्य केले, तर फरक पडेल का, की मोटरच्या मानाने ते नगण्य आहे?

अचूकमाप | बुधवार, सकाळी ११:२२

@प्रवासीमात्र, ते अजिबात नगण्य नाही. मोटर वेग घेताना काही क्षण प्रचंड शक्ती घेते आणि मग सोडते. वातानुकूलन मात्र दिवसभर ओढत राहते. शिवाय बाहेरची ताजी हवा किती आत घ्यायची, हे बहुतेक गाड्यांत भरगच्च गर्दी धरून ठरवलेले असते. दुपारी डब्यात दहा माणसे असली तरी पंखा तेवढीच उष्ण हवा आत ओढतो आणि ती थंड करावी लागते. डब्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ताजी हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवली, तर प्रवाशाला काही न जाणवता बचत होते. तुमची शंका अगदी नेमकी आहे.

मीटरवही | शुक्रवार, रात्री १०:१५

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस इथले एकेक उत्तर हातात घेऊन नोंदी तपासल्या, त्यातून जे हाती आले ते लिहितो.

पहिले, आणि मला सर्वांत जास्त चटका लावून गेलेले: पडद्यावरचा ‘परत दिलेली युनिटे’ हा आकडा पँटोग्राफवर मोजलेला नाहीच. तो मोटरच्या इन्व्हर्टरपाशी मोजलेला आहे. गाडीच्या आराखड्यात पाहिले, तर इन्व्हर्टरच्या पुढे, तारेकडे जाण्याच्या आधी, एक फांदी रोधकाकडे आणि एक फांदी गाडीच्याच वातानुकूलनाकडे जाते. म्हणजे जी वीज रोधकात जळाली, तीही पडद्यावर ‘परत दिली’ म्हणूनच नोंदली जाते. वातानुकूलनाने घेतली ती कामी आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी गेली दोन वर्षे जळालेल्या विजेची बेरीज बचतीच्या रकान्यात करत होतो.

दुसरे, रोधकांच्या तापमानाची नोंद गाडीत साठवली जाते, हे मला माहीत नव्हते. एका गाडीची आठवडाभराची नोंद उतरवून घेतली. सकाळच्या गर्दीत तापमानाची रेषा जवळजवळ सपाट आहे. पहाटेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत आणि रात्री अकरानंतर प्रत्येक स्थानकाला एकेक शिखर आहे, आणि मार्गाच्या टोकाकडच्या शेवटच्या चार स्थानकांत, जिथे पुढे कोणी गाडी नसते, ती शिखरे दिवसभर आहेत. रोहित्र यांनी सांगितलेली जागाच ती.

तिसरे, रात्रीचा उभा भार. कारशेड रात्रपाळी यांचा प्रश्न बरोबर होता. मी तो वेगळा काढला नव्हता. यार्डाच्या फीडरचा मीटर वेगळा आहे, त्यामुळे आता काढता येईल.

साठवण | शुक्रवार, रात्री १०:५०

मग तुमची जागा आपोआप ठरली. इन्व्हर्टर किंवा साठा बसवायचा विचार झाला, तर तो शेवटच्या चार स्थानकांच्या टप्प्यातच असू द्या. आधी तिथल्या उपकेंद्राचा विनाभार व्होल्टेज थोडा उतरवून महिनाभर रोधकाची शिखरे पाहा. त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि नंतर लागणाऱ्या साठ्याचा आकारही त्यातून कळेल.

जुना मोटरमन | शनिवार, सकाळी ६:१०

@मीटरवही, एक विचारतो. तुमच्याकडेही ती चालकांची यादी आहे का?

मीटरवही | शनिवार, सकाळी ८:४०

होय, होती. ती तयार करण्याचे काम माझ्याचकडे होते आणि तिच्यातला आकडा पडद्यावरूनच येत असे. म्हणजे जो चालक ओसाड टप्प्यात उशिरा आणि जोराने ब्रेक लावून रोधक सर्वांत जास्त तापवतो, तो आमच्या यादीत वर येत होता. वरिष्ठांना काल आराखडा आणि तापमानाची रेषा दोन्ही दाखवली. आज सकाळी यादी फलकावरून काढली.

नव्या यादीत चालकांची नावे नसतील. टप्प्याटप्प्यांवर किलोमीटरमागे उपकेंद्रातून गेलेली युनिटे असतील. टोकाच्या उपकेंद्राचा टॅप येत्या रविवारी रात्री एक पायरी उतरवण्याची परवानगी मिळाली आहे. तुम्ही हँडल कुठे सोडत होता, ती ठिकाणे आपल्या मार्गाच्या कुठल्या खुणांवरून ठरवत होता, हे सविस्तर लिहाल का? प्रशिक्षण विभागाकडे तसा एकही कागद नाही.

जुना मोटरमन | शनिवार, सकाळी ९:०५

लिहितो. खांबांचे क्रमांक अजून पाठ आहेत. पावसाळ्यातल्या आणि कोरड्या दिवसांतल्या जागा वेगळ्या असतात, म्हणून दोन रकाने करावे लागतील.